पठाराच्या काठाकाठानं : दौलताबाद ते अजिंठा

मराठवाडा उत्तरेला जिथं संपतो तिथं जमीन एकदम तुटते. कन्नड, सिल्लोड, सोयगाव हे तालुके नकाशावर बघून ते कळत नाही. अंतूरच्या सोंडेवर किंवा हळद्याच्या घाटमाथ्यावर उभं राहिलं की पायाखाली सरळसोट कडा आणि खाली नजर पोचेल तिथवर खानदेशचा सपाट मुलूख. समुद्र नसलेल्या आपल्या भागाचा हा किनाराच म्हणायचा. सातमाळा-अजिंठा रांगेचा हा काठ पायी दाखवणारी सहल दसऱ्यानंतर निघते असं कळलं आणि मी नाव नोंदवलं.

अठराजण होतो, सगळे मराठवाड्याचेच. अंबाजोगाईच्या निवृत्त नर्स मावशी, जालन्याचे बियाण्यांचे व्यापारी काका, हिंगोलीच्या जीवशास्त्राच्या मॅडम, नांदेडचे दोघं भाऊ, लातूरचा एक इंजिनिअर पोरगा. मी परभणीची. निघताना कुणी कुणाला ओळखत नव्हतं. वाटाड्या कन्नडचा. त्याचे वडील जंगलखात्यात मजूर होते आणि त्यांच्यामागं फिरतच तो मोठा झाला. सगळे त्याला दादा म्हणायला लागले, वयानं मोठे असलेलेसुद्धा. बोजे क्रूझर गाडीत, पाठीवर फक्त पाणी आणि डबा. रोज थोडा टप्पा गाडीनं, बाकी पायी. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, म्हणून दादानं मंगळवारी सुरुवात आणि रविवारी शेवट असा बेत बांधला होता.

मंगळवार : देवगिरी

सकाळी दौलताबादच्या महाकोटात शिरलो तेव्हा ऊन नुकतंच चांदमिनारावर आलं होतं. किल्ल्यात पूर्वीही आले होते, पण शाळेच्या सहलीसारखं, धावतपळत. दादानं आधी खंदकाजवळ थांबवलं. म्हणाला, "डोंगराकडं बघा, दगड कसा तासलाय." आणि खरंच, त्या शंकूसारख्या डोंगराचा खालचा भाग चारी बाजूंनी उभा तासून काढलाय. चढायला जागाच ठेवलेली नाही, आत जायचं तर खंदकावरचा एकच पूल आणि पुढं अंधारी, म्हणजे डोंगराच्या पोटातली काळोखी भुयारी वाट. अंधारीत दादानं बॅटऱ्या बंद करायला लावल्या. मावशींनी माझा हात धरला आणि पार वर उजेड येईपर्यंत सोडला नाही.

यादवांची ही राजधानी. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी इथं आला, १३२७ मध्ये महंमद तुघलकानं दिल्लीहून राजधानी इथं हलवली. हे सगळं आपण पाठ केलेलं असतं. मला जास्त भिडलं ते माथ्याजवळचं जनार्दनस्वामींचं स्थान. नाथांचे गुरू या किल्ल्यावर अधिकारी होते आणि पैठणहून लहानगे एकनाथ त्यांच्याकडं इथंच आले. हिशेबातली एका पैची चूक रात्रभर जागून सापडल्यावर नाथांनी आनंदानं टाळी वाजवली, ही गोष्ट मावशींनी तिथंच, पायऱ्यांवर बसून सांगितली. इतक्या मायेनं सांगितली, की दुसऱ्या गटातली माणसंही थांबून ऐकत होती.

खाली उतरलो तर फाटकाबाहेर सीताफळांच्या पाट्या लागलेल्या. पानांत गुंडाळलेली, डोळे उघडलेली सीताफळं. काकांनी अख्खी पाटीच घेतली आणि घाट चढताना वाटत राहिले. वाटेत कागजीपुरा लागतो. हातकागद बनवणाऱ्यांचं गाव, ही कला इथं तुघलकाच्या काळापासूनची असं गावकरी सांगतात. पुढं खुलताबादला मलिक अंबरची कबर बघितली, निजलेल्या भद्रा मारुतीचं दर्शन घेतलं आणि दिवेलागणीला वेरूळ गाठलं.

बुधवार : वेरूळ

वेरूळची चौतीस लेणी एकाच कड्याच्या पायथ्याशी, जवळपास दोन किलोमीटर ओळीनं आहेत. बहुतेक लोक गाडी लावून कैलास बघतात आणि परततात. आम्ही ओळ चालून काढली, तीही उत्तरेकडून. आधी जैन लेणी, मग एकोणतिसावं. दादाचं कारण साधं होतं. कड्याचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी कैलास सावलीत असतं, दुपारनंतर त्याच्यावर ऊन येतं.

एकोणतिसाव्या लेण्याशेजारी वेळगंगा कड्यावरून खाली येते. परतीच्या पावसानं धारेला अजून जोर होता. लेण्याच्या खांबांमधून ते पाणी बघत आम्ही किती वेळ बसलो कुणास ठाऊक. मॅडमनी कड्याच्या पोटातला तांबूस मातीचा पट्टा दाखवला. हा सगळा दगड सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एक थर ओतला गेला, निवला, वरून झिजून त्याची माती झाली आणि मग त्याच्यावर दुसरा थर आला. दोन थरांमधली ती भाजलेली माती म्हणजे हा तांबडा पट्टा. लेणी खोदणाऱ्यांना थर बघूनच काम करावं लागलं असणार. हे कळल्यावर मी मूर्तींच्या आधी दगड बघायला लागले.

कैलासाबद्दल काय लिहावं? आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, एका अखंड कड्यातून वरून खाली कोरत आणलेलं देऊळ. आधी कळस, मग खांब, शेवटी जोतं. आम्ही वरच्या वाटेनं कड्यावर जाऊन आधी ते वरून बघितलं आणि मग खाली आलो, म्हणजे कारागिरांच्या क्रमानं. प्रत्येकानं असंच बघावं असं मला मनापासून वाटतं. खालून नुसतं भव्य वाटतं. वरून बघितलं की प्रत्येक खांब दगडात आधीच धरून ठेवायचा होता हे कळतं आणि जीव दडपतो.

त्या रात्री कोजागिरी होती. मुक्कामाच्या घराच्या गच्चीवर मोठ्या पातेल्यात दूध आटवलं. नांदेडच्या थोरल्या भावानं भारूड म्हटलं, मावशींनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, लातूरच्या पोरानं टाळ्या धरल्या. आदल्या दिवशी एकमेकांना "आपण" म्हणणारी माणसं त्या रात्रीनंतर "तू" वर आली.

गुरुवार : पितळखोरा

या सहलीतला माझा सगळ्यात आवडता दिवस हा. कन्नडहून गौताळा अभयारण्याच्या कडेनं माथ्यावर गेलो. साग, धावडा, सालई, मधूनच अंजन. तेरडा सरत आलेला, सोनकी मात्र सगळीकडं पिवळीधमक. एका सपाटीवर दादा थांबला आणि म्हणाला, "इथं पडलेलं पाणी इकडं गेलं तर शिवना, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर. तिकडं गेलं तर गिरणा, तापी, अरबी समुद्र." दोन्हीकडचा उतार नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. जालन्याच्या काकांनी बाटलीतलं थोडं पाणी एकीकडं आणि थोडं दुसरीकडं ओतलं, मग सगळ्यांनीच ओतलं.

पितळखोऱ्याला पायऱ्या उतरून जायचं. खाली ओढा, समोर कडा आणि कड्याच्या पोटात लेणी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातली, म्हणजे सातवाहनांच्या काळातली. पुढचा बराच भाग केव्हाच कोसळलाय. पण जोत्यावरची हत्तींची रांग आहे, भाला-ढाल घेतलेले द्वारपाल आहेत, आणि चैत्यात, म्हणजे स्तूपाच्या प्रार्थना-दालनात, डोळे सरावले की खांबांवरचे रंगही दिसतात. इथं सापडलेल्या एका यक्षाच्या हातावर तो कान्हदास नावाच्या सोनारानं घडवल्याचं कोरलेलं आहे. आपल्याकडं घडवणाऱ्याचं नाव मागं राहणं किती दुर्मीळ.

मग दादानं चैत्यातल्या खांबावरचा लेख दाखवला. पैठणच्या गांधिक कुळातल्या मितदेवानं दिलेला खांब. शेजारी पैठणच्याच संघकाच्या मुलांनी दिलेला. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. काका तिथंच खाली बसले. पैठण इथून किती लांब! तिथला अत्तरवाला या दरीत खांबासाठी पैसे का देईल? दादानं कड्याखालची दरी दाखवली. पैठणचा माल उत्तरेला न्यायचा तर हा काठ कुठंतरी उतरावाच लागतो, आणि उतरायला जागा मोजक्याच. जिथं घाट, तिथं व्यापाऱ्यांचा तांडा थांबणार. जिथं तांडा थांबणार तिथं भिक्षूंचा विहार, पुढं कधीतरी जकातीचं नाकं, आणि नाक्यावर नजर ठेवायला किल्ला. या रांगेतली लेणी आणि किल्ले काठावरच का आहेत, हे मला तोवर कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक ठिकाणी पोचलो की कुणीतरी पहिला प्रश्न हाच विचारायचं, "घाट कुठाय?"

खालच्या बाजूला पाटणादेवीचं खोरं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला आणि त्याला १२०७ मध्ये दान मिळाल्याचा शिलालेख आहे. लातूरचा पोरगा हे ऐकून हरखून गेला. गणित शिकवायला दान, तेही या जंगलात!

दोन सूचना इथं लिहून ठेवते. लेण्यांच्या कपारींना आग्या मोहोळं असतात. अत्तर लावून जाऊ नये, विडी-सिगारेट पेटवू नये, ओरडू नये. आणि ओढ्याला पाणी असेल तर दगड फार निसरडे असतात, काठी हवीच.

शुक्रवार : अंतूर

आदल्या संध्याकाळी औट्रम घाटाच्या माथ्यावरून खालच्या ट्रकांचे दिवे बघितले होते. खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचं नाव या घाटाला आहे. आज जायचं होतं दुसऱ्या घाटाच्या राखणदाराकडं.

अंतूर नागापूरच्या बाजूनं गाठला. सगळ्यात लांब चाल हीच. वाटेत मक्याची कापणी चालली होती, कपाशी फुटायला लागली होती, आणि काका प्रत्येक धुऱ्यावर थांबून शेतकऱ्याशी वाणाबद्दल, बोंडअळीबद्दल, भावाबद्दल बोलत होते. त्यामुळं उशीर झाला, पण कुणाची तक्रार नव्हती. एका शेतातल्या आजोबांनी विचारलं, "कावून पायी चाललाव? गाडी बिघडली का?" मावशी म्हणाल्या, "नाही हो बाबा, बघत बघत चाललाव." त्यांनी सगळ्यांना कोवळी कणसं दिली.

या भागात दिशा सांगणारा एक जुना दगडी खांब आहे, फारसी लेखाचा. कोणत्या बाजूला कोणतं गाव हे त्याच्यावर कोरलंय. आजच्या हिरव्या पाटीचंच काम, निजामशाहीच्या काळात. घाटवाटांचं हे जाळं किती वापरातलं होतं याचा याहून चांगला पुरावा मला तरी नको.

किल्ला डोंगराच्या सोंडेवर आहे. तीन बाजूंना कडे, आणि चौथ्या बाजूला जिथं सोंड पठाराला जोडलेली तिथं खडक खोदून खंदक केलेला. पुढं एकामागून एक दरवाजे, वर फारसी शिलालेख. आत मोठा तलाव, पडके वाडे, आणि गवत कमरेइतकं. टोकाच्या बुरुजावर वारा इतका होता, की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. तिथून खालचा मुलूख बघताना शत्रूची फौज एक अख्खा दिवस आधी दिसत असणार, असं नांदेडचा धाकटा भाऊ म्हणाला.

जेवण परतीच्या वाटेवर एका बंजारा तांड्यावर होतं. बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा आणि तिखटजाळ आमटी. घरातल्या आजींनी सांगितलं, त्यांच्या पणजोबांच्या काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ याच घाटांतून चढायचं. पितळखोऱ्याच्या चैत्यात दादानं सांगितलेलं सगळं त्या एका वाक्यात परत आलं. लमाणांनी शतकानुशतकं या वाटा तुडवल्या, त्यांचं नाव कोणत्याही दरवाजावर कोरलेलं नाही. मला ते लागलं, म्हणून इथं लिहिते.

शनिवार : वेताळवाडी, जंजाळा, घटोत्कच

उंडणगावकडून हळदा घाटात शिरलं की एका वळणावर वेताळवाडीचा किल्ला अख्खा समोर येतो, बुरूज, तट, सगळं जागच्या जागी. गाडीतले सगळे एकदम गप्प झाले. दरवाजावर शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, कोरलेले आहेत. माथ्यावर उत्तरेला तोंड करून दोन कमानींची बारादरी आहे. त्या कमानींतून खाली सोयगावकडचा मुलूख दिसतो आणि वारा सरळ अंगावर येतो. तिथं आम्ही धपाटे आणि दही खाल्लं. धपाटे मावशींनी पहाटे उठून मुक्कामाच्या घरच्या वहिनींबरोबर थापले होते.

दुपारी गाडीनं वळसा घालून अंभईमार्गे जंजाळ्याला. हा किल्ला पठाराच्याच पातळीला, अफाट पसरलेला. तलाव, पडक्या भिंती, गवतात चरणारी गुरं. ऊन फार होतं, इथं आम्ही रेंगाळलो नाही.

कारण खाली घटोत्कच लेणी होती. नाव महाभारतातलं, लेणं बौद्ध. माथ्यावरून दरीत उतरत गेलं की कड्याला बिलगलेला मोठा विहार लागतो. आम्ही गेलो तेव्हा दुसरं कुणीही नव्हतं. ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला लेख आहे, बराच झिजलेला. तो वराहदेवाचा. वाकाटक राजा हरिषेण याचा हा मंत्री, पाचव्या शतकातला. लेखात त्यानं आपल्या घराण्याची वंशावळ सांगितली आहे. "हे नाव लक्षात ठेवा, उद्या परत भेटतंय," दादा म्हणाला.

जरंडीकडं उतरताना मावशींचे गुडघे दुखायला लागले. नांदेडचे भाऊ दोन्ही बाजूंना झाले, पोरानं त्यांची पिशवी घेतली, मॅडमनी गाणी सुरू केली. अंधार पडायच्या आत सगळे खाली होतो. अनोळखी माणसांबरोबर चालण्याबद्दल घरी काळजी करणारे बरेच असतात. त्यांनी ही उतरंड बघायला हवी होती.

रविवार : लेणापूरहून अजिंठा

आधी अजिंठा गावात पारोच्या कबरीपाशी थांबलो. मेजर रॉबर्ट गिल लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला या गावात येऊन राहिला, वर्षानुवर्षं काम केलं. पारो त्याची सोबतीण, १८५६ मध्ये गेली. गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. एवढं कष्टाचं काम असं राख व्हावं, हे ऐकून मॅडम कितीतरी वेळ बोलल्या नाहीत.

लेणापूर हे लेण्यांच्या वरच्या पठारावरचं गाव. तिथून पायवाटेनं व्ह्यू पॉइंटला आलं की वाघूर नदीनं कोरलेलं घोड्याच्या नालेसारखं वळण आणि त्यात ओळीनं लेणी, सगळं एका नजरेत येतं. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीला आला असताना लेण्याची कमान दिसली, असं सांगतात. पण आसपासच्या माणसांना आणि गुराख्यांना ती ठाऊक नसतील हे पटणं अवघड आहे. फर्दापूरच्या फाट्यावरून बसनं येणाऱ्याला हे वळण असं दिसतच नाही. हातपाय धडधाकट असतील त्यानं अजिंठा वरूनच उतरावा.

दहाव्या लेण्याच्या चैत्यात सगळ्यांच्या तोंडून एकदम पितळखोरा निघालं. तोच काळ, तेच खांब, इथं न कोसळता उभे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, सव्विसाव्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध, सगळं बघितलं. त्यावर इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. आम्ही थांबलो ते सोळाव्यापाशी. ओसरीबाहेरच्या डाव्या भिंतीवर लेख, आणि लेख वराहदेवाचा. आदल्या दिवशी निर्मनुष्य दरीत भेटलेला माणूस इथं गर्दीत परत. त्यानं लेखात या लेण्याच्या खिडक्या, दारं, चित्रवीथी यांचं वर्णन केलंय, आणि नागराजाच्या मंदिराचंही. लातूरचा पोरगा पळतच पायऱ्या उतरला, कारण खालच्या दरवाजातल्या दोन हत्तींच्या पुढं आम्ही तो नागराज ओलांडूनच वर आलो होतो. "इथंच हाय! लिहिलंय तसाच हाय!" त्यानं खालून ओरडून सांगितलं. पहारेकऱ्यानं दटावलं, पण मग तोही हसला आणि नागराजाबद्दल स्वतःच माहिती द्यायला लागला.

फर्दापूरला चहा घेताना दादानं राहिलेल्या जागा सांगितल्या. वेताळवाडीजवळची रुद्रेश्वर लेणी, नायगावचा सुतोंडा किल्ला, त्याच्याजवळचं जोगणामाईचं घरटं म्हणतात ते जैन लेणं. काकांनी खिशातली वही काढून नावं टिपली आणि त्याच पानावर येणाऱ्यांची यादी सुरू केली. पहिलं नाव मावशींनी घालायला लावलं, गुडघ्यांना तेल लावून येते म्हणाल्या. दादाचं म्हणणं, निघायचं तर पोळा ते दिवाळी या दिवसांत, पाणी आणि हिरवळ दोन्ही असतं. सुतोंड्याच्या खाली घाट कुठला, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. "येऊन बघा," म्हणाला.